शिक्क्याची खालची बाजू

जुन्या चिनी शिक्क्यांचे एखादे लिलाव-सूचिपत्र उघडले, की बहुतेक छायाचित्रांत शिक्का ताठ उभा केलेला दिसतो. वरच्या टोकाला कोरलेला सिंह किंवा ड्रॅगन पूर्ण प्रकाशात असतो, दगडाचा पिवळाधमक रंग आणि त्यातली पाणीदार झाक डोळ्यांत भरेल अशी टिपलेली असते, आणि ज्या कामासाठी ही वस्तू मुळात घडली ती खालची चौकोनी बाजू एका कोपऱ्यातल्या लहानशा चित्रात आटोपलेली असते. हा क्रम मला उलटा वाटतो. शिक्का ही आधी अक्षरांची वस्तू आहे आणि मग दगडाची. तो हातात आल्यावर पहिल्यांदा पालथा करून पाहावा, बाजूंवर काही बारीक कोरले आहे का ते तपासावे आणि वरच्या सिंहाकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही अक्षरे कलेसाठी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून सत्तेसाठी कोरली जात होती. चीनमध्ये कागद रुळण्यापूर्वी पत्रे आणि हुकूम बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिले जात. त्या पट्ट्या दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा बसवत आणि त्या गोळ्यात शिक्का दाबत. खोल कोरलेले अक्षर मातीत उठून दिसते, म्हणून हान काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, बहुतेक शिक्के खोदीव अक्षरांचे आहेत. हानच्या आधीच्या छिन राजवटीच्या सम्राटाने जेडचा शिक्का स्वतःसाठी राखून ठेवला, आणि पुढे हान राजवटीत शिक्क्याचा धातू, त्याच्या मुठीवरचा प्राणी आणि त्या मुठीतून ओवलेल्या फितीचा रंग यांवरून माणसाचा हुद्दा ओळखता येऊ लागला. इसवी सन 57 मध्ये सम्राट ग्वांगवूने जपानमधल्या ‘ना’ राज्याच्या राजाला दिलेला सोन्याचा शिक्का 1784 मध्ये फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर सापडला. त्याची बाजू जेमतेम 2.3 सेंटीमीटर आहे आणि वजन 108 ग्रॅमच्या आसपास. एका राज्याचे दुसऱ्या राज्याशी असलेले नाते एवढ्याशा चौकोनात मावलेले पाहिले, म्हणजे आकाराने लहान वस्तूंकडे पाहण्याची आपली नजरच बदलते.

या सरकारी शिक्क्यांच्या इतिहासात फार रेंगाळण्याचा माझा विचार नाही, पण एका शिक्क्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1981 मध्ये शाआन्शी प्रांतातल्या शुनयांग येथे सहाव्या शतकातला सेनापती दुगू शिन याचा शिक्का मिळाला. तो काळ्याभोर जेट दगडाचा आहे आणि त्याला 26 बाजू आहेत, त्यांपैकी 14 बाजूंवर अक्षरे कोरलेली आहेत. सम्राटाला अर्ज करताना एक बाजू, हाताखालच्यांना हुकूम देताना दुसरी, खासगी पत्रासाठी तिसरी, अशी त्यांची वाटणी. एकाच माणसाला दिवसभरात किती नात्यांनी बोलावे लागते, हे त्या दगडाइतके नेमके मी अन्यत्र कुठे पाहिलेले नाही.

कागद आला, मातीचे गोळे गेले आणि त्यांच्या जागी लाल लेप आला. शिक्का राजदरबारातून चित्रकारांच्या आणि कवींच्या मेजावर कसा पोचला, ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि माझे खरे प्रेम तिथून सुरू होते. चित्राखाली, सुलेखनाखाली नाव उमटवण्यासाठी शिक्का लागू लागला. चित्रकार अक्षरांची रचना स्वतः आखत असे, परंतु ब्राँझ, जेड आणि हस्तिदंत यांवर कोरण्याचे काम कारागिराकडे द्यावे लागे, कारण ते हाताला जुमानणारे पदार्थ नव्हेत. मऊ दगडावर आपले शिक्के आपणच कोरणाऱ्यांत युआन काळातला, म्हणजे चौदाव्या शतकातला, चित्रकार वांग म्येन याचे नाव पहिल्याने घेतले जाते. पण हा प्रघात खऱ्या अर्थाने पसरला तो सोळाव्या शतकात, वन पंगमुळे.

वन पंग हा प्रसिद्ध चित्रकार वन झंगमिंगचा मुलगा. तो अक्षरे आखून देई आणि नानजिंगमधला एक कारागीर ती हस्तिदंतावर कोरी. सतराव्या शतकात झोऊ ल्यांगगोंग या संग्राहकाने नोंदवून ठेवलेली हकीकत अशी, की एके दिवशी नानजिंगच्या रस्त्यात वन पंगला दगडाच्या टोपल्या वाहून आणणारा एक म्हातारा दुकानदाराशी मजुरीवरून भांडताना दिसला. त्याने पैसे चुकते करून तो सगळा दगड उचलला. तो झजियांग प्रांतातल्या छिंगथ्येनचा दगड निघाला, दिव्यासमोर धरल्यास आतून उजळणारा, आणि तोवर त्याचा उपयोग बायकांचे दागिने घडवण्यापुरताच होत असे. त्यानंतर वन पंगने हस्तिदंताचे शिक्के करणे सोडून दिले. हकीकत घडली तशीच सांगितली गेली आहे की तिला थोडी घडण दिली गेली आहे, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्या दगडामुळे आखणारा हात आणि कोरणारा हात एक झाला, ही गोष्ट खरी आहे, आणि पुढच्या चारशे वर्षांतले सगळे थोर शिक्के त्या एका बदलाचे ऋणी आहेत.

नेमक्या याच सुमारास संग्रहाचीही एक मोठी गोष्ट घडली. 1572 मध्ये गू छोंगद याने आपल्याकडच्या आणि इतरांकडच्या जुन्या शिक्क्यांचे ठसे एकत्र करून एक ग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक पानावर खरा शिक्का खऱ्या लाल लेपाने उमटवलेला असल्यामुळे त्याच्या प्रती वीसच निघाल्या. पण हान काळातले शिक्के कधीच न पाहिलेल्या कोरणाऱ्यांना त्या ठशांतून एक हरवलेली भाषा पुन्हा ऐकू आली. पुढे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली आवृत्ती निघाली आणि हान शिक्क्यांचा अभ्यास घरोघर पोचला. संग्राहकाने आपला संग्रह पेटीत ठेवला नाही, तो उमटवून दाखवला, म्हणून एक कला नव्याने उभी राहिली.

आता त्या चौकोनाकडे येऊ. शिक्क्यातली अक्षरे उलटी कोरायची असतात, म्हणजे ती कागदावर सुलटी उमटतात. लिपी बहुधा दोन हजार वर्षांपूर्वीची, गोलाईदार ‘मुद्रा-लिपी’ असते, जी आजचा साधा चिनी वाचकही सहज वाचू शकत नाही. अक्षर खोल कोरले तर लाल चौकोनात ते पांढरे दिसते. भोवतालचा दगड काढून अक्षर उठावाचे ठेवले तर पांढऱ्यावर लाल दिसते. एवढीच साधने: दोन रंग, दोन-तीन सेंटीमीटरची बाजू, चार-पाच अक्षरे. अठराव्या शतकात दंग शिरू या कोरणाऱ्याने सांगून ठेवले, की अक्षरांतली मोकळी जागा एवढी मोकळी असावी की तिथून घोडा दौडेल आणि दाट जागा एवढी दाट असावी की तिथून वाराही निसटू नये, आणि अक्षरांइतकाच कोऱ्या जागेचाही हिशेब ठेवावा. अकराव्या शतकातला कवी सू शि याच्या ओळीवरचा त्याचा एक गाजलेला शिक्का मी छापील ठशांत पुष्कळदा पाहिला आहे, ज्यात नदीच्या प्रवाहाचा आवाज आणि हजार फूट उंच तुटलेला कडा यांचा उल्लेख आहे. त्यातल्या काही रेषा एकमेकींना खेटून गर्दी करतात आणि मध्येच एक मोठी रिकामी जागा निःशंकपणे सोडून दिलेली आहे. ती सोडण्याचे धैर्य कुठून येते, हे मला अजून पुरते उलगडलेले नाही.

कोरण्याच्या पद्धतीतही माणूस दिसतो. हांगझोऊचा दिंग जिंग लहानलहान तुटक काप घेत पुढे जाई, त्यामुळे त्याची रेष किंचित थरथरल्यासारखी आणि म्हणूनच जिवंत वाटते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतला वू छांगश्वो बोथट कोरणी वापरे आणि काम झाल्यावर कडा ठोकून, घासून दगडाला वय देई. सुतारकाम करत वर आलेला छी बायशी एकाच घावात रेष काढे. कोरणीची एक कड स्वच्छ राही, दुसऱ्या कडेचे कपचे उडत, आणि त्या उडालेल्या कपच्यांची खरबरीत धारही तो रचनेत मोजूनच धरी. शिकत असताना त्याला सांगण्यात आले होते, की डोंगरातून दगड वाहून आण, कोर, घासून साफ कर, पुन्हा कोर, आणि असे करत तीन-चार मिठाईच्या पेट्या भरतील एवढी दगडाची माती झाली म्हणजे हात बसेल. पुढे त्याने स्वतःसाठी जो शिक्का कोरला त्यात स्वतःला ‘तीनशे दगडी शिक्क्यांचा धनी’ म्हटले आहे, आणि या माणसाची श्रीमंती खरोखरच कशात होती हे त्याने त्यात जराही आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

शिक्क्याच्या उभ्या बाजूंवर कोरणारा कधीकधी मजकूर लिहितो: नाव, तिथी, कोणासाठी कोरला, कधी एखादी कविता. त्यात शाई नसते, कोरणीच लेखणी होते, आणि तो वाचायचा तर त्यावर ओला पातळ कागद बसवून वरून शाई टिपून घ्यावी लागते, म्हणजे काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उभी राहतात. माझ्या दृष्टीने जुन्या शिक्क्याचे सर्वांत मोलाचे अंग हेच आहे, आणि याचे सर्वांत थोर उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या झाओ झिछ्येन या कोरणाऱ्याचे आहे.

1862 साल. छिंग राजवटीविरुद्धच्या थायपिंग बंडाने झजियांग प्रांत उद्ध्वस्त झाला होता. झाओ झिछ्येन घरापासून दूर होता आणि तिकडे शाओशिंगला त्याची पत्नी आणि मुलगी दोघीही गेल्याची बातमी त्याला कळली. चिनी गणनेप्रमाणे तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याने आपले नाव बदलून ‘शोकाची झोपडी’ अशा अर्थाचे केले आणि त्या नावाचा शिक्का कोरला. त्याच्या कडेला त्याने जे लिहिले त्याचा आशय एवढाच: घर मोडले, माणसे गेली, नाव बदलून हा शिक्का केला, आणि खाली तिथी. एकही विशेषण नाही. दोन वर्षांनी, 1864 मध्ये त्याने आणखी एक शिक्का कोरला आणि त्याच्या बाजूवर बुद्धाची मूर्ती उठावात काढली, पाचव्या-सहाव्या शतकातल्या उत्तर वेई राजवटीच्या लेण्यांमध्ये दिसते तशी, आणि सोबत पत्नीच्या आणि मुलीच्या नावाने केलेली प्रार्थना. त्याआधी शिक्क्याच्या कडेचा मजकूर हा सहीचा विस्तार होता. या माणसाने तिथे स्मारक उभारले. तळहातावर मावेल एवढ्या दगडावर, जो बहुतेक वेळ कापडी पिशवीत किंवा पेटीत बंद राहणार होता.

हे डोळ्यांसमोर आले म्हणजे जुन्या संग्राहकांच्या एका सवयीविषयी मला तीव्र खंत वाटते. चांगला दगड हातांतून हातांत जाई, पण आधीच्या धन्याच्या नावाचा शिक्का नव्या धन्याच्या कामाचा नसे, म्हणून खालची बाजू घासून सपाट करत आणि नवे नाव कोरून घेत. दगड काही मिलिमीटरने बुटका होई एवढेच. अनेकदा कडेचा मजकूरही त्याच वेळी जाई. त्या काळच्या माणसांना यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण शिक्का वापरण्यासाठी होता आणि दगड महाग होता, हे मला समजते. तरीही आज एखाद्या सुंदर मुठीखाली अगदी नवखी, निर्जीव अक्षरे दिसली की त्या जागी पूर्वी कोणाचे हात चालले असतील, हा विचार मनातून जात नाही.

दगडाचा मोह होता, आणि आहे, हे मात्र मान्य करायलाच हवे. फूच्येन प्रांतात फूझोऊजवळ शौशान नावाचे गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठच्या भातखाचरांच्या मातीत सुटे गोटे सापडतात, ज्यांना ‘शेतातला पिवळा’ अशा अर्थाने थ्येनह्वांग म्हणतात. मूळ शिरेपासून तुटून, शेकडो-हजारो वर्षे ओल्या मातीत मुरून त्यांना तो रंग आलेला असतो. प्रकाशात धरले की आत मुळ्याच्या गरासारख्या बारीक तंतूंची जाळी दिसते, आणि कित्येकांत तांबड्या रेषा असतात. हा दगड सोन्याच्या भावाने तोलला जाई, असे सांगणाऱ्या म्हणी चीनमध्ये आहेत, आणि आजही लिलावात त्याचे वजन ग्रॅममध्ये दिले जाते. म्हणूनच त्यावर काम करणारे कारागीर कमीत कमी दगड वाया जावा म्हणून पृष्ठभागावर अगदी उथळ उठावाचे निसर्गचित्र काढत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला लिन छिंगछिंग यात अजोड मानला जातो. छांगह्वाच्या दगडात हिंगुळाचे लालभडक शिंतोडे असतात, त्याला कोंबड्याचे रक्त म्हणतात. मुठींच्या कोरीवकामात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले यांग युश्वेन आणि झोऊ बिन हे दोघे सर्वश्रेष्ठ. झोऊ बिन आपली सही नक्षीतच विरघळवून टाकी. नंतरच्यांनी ती सही इतक्या दगडांवर घातली आहे, की आज ती दिसली तर खरेपणाचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहताच येत नाही.

बाजाराचे गणित याच दोन गोष्टींवर चालते: दगड आणि मोठे नाव. डिसेंबर 2016 मध्ये पॅरिसच्या द्रूओ लिलावगृहात अठराव्या शतकातला सम्राट छ्येनलोंग याचा एक शिक्का दोन कोटी दहा लाख युरोंना विकला गेला, अंदाजित किमतीच्या वीसपटीहून अधिक भावाने. लालसर दगड, मुठीवर नऊ ड्रॅगन. एका फ्रेंच नौदल डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मिळवला होता. छ्येनलोंगचे शिक्के हजाराच्या वर होते आणि ते उमटवण्याची त्याला अनावर हौस होती. चित्रकार झाओ मंगफूने 1296 मध्ये काढलेल्या दोन डोंगरांच्या शरद ऋतूतल्या दृश्याची गुंडाळी आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिच्या शांत आकाशात छ्येनलोंगचे लाल चौकोन ठिकठिकाणी घुसलेले आहेत. त्यांच्यामुळे चित्राचा प्रवास कळतो, हे खरे. पण चित्रकाराने कोरी ठेवलेली जागा ही कोणाची वाट पाहणारी जागा नव्हती, आणि ज्याला दाट आणि मोकळ्या जागेचा हिशेब कळतो त्याने ती तशीच राहू द्यायला हवी होती, असे मला वाटते.

माझ्याकडचा एक शिक्का या कोट्यवधींच्या जगापासून फार लांबचा आहे. हाँगकाँगच्या अप्पर लॅस्कर रो या जुन्या वस्तूंच्या गल्लीत तो मिळाला. साधा करडा-हिरवट छिंगथ्येन, मूठ नाहीच, वरचा भाग नुसता गोलसर घासलेला. एक कोपरा उडालेला आहे. खाली उठावाची चार अक्षरे आहेत, ज्यांत पावसाचा आवाज ऐकत बसण्याच्या खोलीचा उल्लेख आहे. म्हणजे हे एखाद्याच्या अभ्यासिकेचे नाव असणार. डाव्या बाजूला दोन ओळी आहेत: ‘बिंगझी’ वर्षाचा हिवाळा, थोरल्या बंधूच्या सूचनांसाठी सादर. चिनी वर्षे आपल्या संवत्सरांसारखी साठांच्या चक्रात फिरतात, त्यामुळे बिंगझी म्हणजे 1876 किंवा 1936. उठावाच्या रेषांच्या कडा ज्या रीतीने मुद्दाम तुटक ठेवल्या आहेत ती वू छांगश्वोच्या प्रभावाखालची रीत आहे, म्हणून मी 1936 कडे झुकतो. तसे असेल तर पुढच्याच उन्हाळ्यात जपानशी युद्ध सुरू झाले. तो थोरला बंधू आणि त्याची पावसाची खोली यांचे पुढे काय झाले असेल, हे दगडावर लिहिलेले नाही. पण कोणी नवे नाव घालण्यासाठी ही बाजू घासली नाही, एवढे मात्र त्या दगडाच्या वाट्याला आले.

हा शिक्का मी अधूनमधून उमटवतो, आणि उमटवला पाहिजे असेच माझे म्हणणे आहे. त्यासाठीचा लेप हाही एक वेगळाच विषय आहे. हिंगुळाची बारीक वस्त्रगाळ पूड, दीर्घकाळ उन्हात मुरवलेले एरंडेल तेल आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या पानांचे तलम तंतू एकत्र मळून तो होतो. चिनी मातीच्या डबीत ठेवलेला हा लेप हाडाच्या चपट्या पट्टीने मधूनमधून ढवळून गोळा करावा लागतो, नाहीतर तेल वर येते. शिक्का लेपात दाबायचा नसतो. लेपावर हलक्या हाताने टिपत राहायचे, म्हणजे अक्षरांवर पातळ थर बसतो आणि खाचा भरत नाहीत. मग कागदाखाली थोडी मऊ पण सपाट गादी आणि वरून सरळ, सारखा दाब. पहिला ठसा बहुधा फिका येतो. नीट उतरलेल्या ठशात उडालेला कोपरा, एका रेषेच्या मध्यावर कोरणी किंचित घसरल्याची खूण, आणि मोकळ्या जागेत राहून गेलेले दगडाचे लालसर कण हे सगळे इतक्या स्पष्टपणे येते, की दगड हातात धरून तासभर पाहिला तरी तेवढे दिसत नाही.

हे शिक्के जमवू पाहणाऱ्याने एक बाब मनात पक्की ठेवावी. चीनने 2007 पासून 1911 पूर्वीच्या पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी घातली आहे, आणि राजवाड्यातले कित्येक शिक्के परकी फौजांनी 1860 आणि 1900 मध्ये केलेल्या लुटींमध्ये बाहेर गेले, हाही इतिहास आहे. शिक्का कुठून आणि कोणाकडून आला याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर तो कितीही देखणा असला तरी तिथेच ठेवावा. साध्या, अनामिक कोरणाऱ्यांचे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले शिक्के जपानमधल्या आणि हाँगकाँगमधल्या जुन्या संग्रहांतून आजही मिळतात, सूचिपत्रांत मागच्या पानांवर असतात, आणि त्यांच्या कडा वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

शान्दोंग प्रांतातल्या वेइश्येनचा छन ज्येछी हा एकोणिसाव्या शतकातला संग्राहक मला या बाबतीत आदर्श वाटतो. त्याने आपल्या घरातल्या एका माडीला ‘दहा हजार शिक्क्यांची माडी’ असे नाव दिले होते, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्या शिक्क्यांचे ठसे घेऊन त्यांचे ग्रंथ बांधण्यात घालवली. त्यातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात दहा हजारांच्या वर ठसे आहेत. त्याच परंपरेला 1904 मध्ये हांगझोऊच्या पश्चिम सरोवरातल्या बेटावर स्थापन झालेल्या शीलिंग मुद्रा-मंडळाने संस्थेचे रूप दिले, आणि वू छांगश्वो हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. अलीकडे मीही ओळखीच्या लोकांकडे पडून असलेल्या शिक्क्यांचे ठसे आणि त्यांच्या कडांच्या मजकुराच्या प्रती घेऊन एका वहीत लावू लागलो आहे, प्रत्येकाखाली दगड, मापे आणि वाचता आले तेवढे वाचन लिहून. पुण्यातल्या एका कुटुंबाकडे पणजोबांनी व्यापारातून आणलेला शिक्का पेपरवेट म्हणून वापरात होता. तो पालथा करून पाहिला तेव्हा घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हते की त्याच्या कडेवर सात ओळी लिहिलेल्या आहेत. त्यांपैकी चार वाचून झाल्या आहेत, उरलेल्या तिनांवर काम चालू आहे.